मामाची द्वादशी

आमच्या घरातलं भांडण पंचांगात आधीच छापून यायचं. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पंचांग एका मठाचं आणि प्राणेशमामाचं, म्हणजे आईच्या धाकट्या भावाचं, दुसऱ्या मठाचं. मठ दोन्ही एकाच गुरूचे, देव एकच, गोपीचंदनाच्या मुद्रासुद्धा सारख्याच. पण दशमीने एकादशीला शिवलं की नाही, यावर दोन्हीकडच्या पंडितांचं जमत नसे. त्यामुळे वर्षातून चार-सहा वेळा मामाची एकादशी आज, तर अण्णांची उद्या. मामा जवळच राहायचा. तो उपाशीपोटी आमच्याकडे यायचा आणि अण्णा त्याच्यासमोर मुद्दाम ताक भुरकायचे. दुसऱ्या दिवशी अण्णा उपाशी, तेव्हा मामा ढेकर देत यायचा. दोघेही शिकले-सवरलेले, पन्नाशीच्या आसपासचे. त्यांना हसायची चोरी होती म्हणून मी न्हाणीघरात जाऊन हसायची.

आई यात काही बोलायची नाही. लग्न झालं तसं तिने आडनावाबरोबर एकादशीही बदलली होती.

ही गोष्ट बासष्ट सालातली. मी तेव्हा मल्लेश्वरममधल्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. शहाजीराजांच्या मागोमाग आमची घराणी बेंगळुरात आली आणि तीनशे वर्षं मराठी बोलत राहिली. निदान आम्हाला तरी ती मराठी वाटते. या तीनशे वर्षांत आमच्या घरातली कुठली बाई कारणाशिवाय डोंगर चढली नव्हती. कारण म्हणजे वर देऊळ असणे. मला मात्र डोंगराचं वेड लावलं ते मामाने. तो शाळेत ड्रॉइंग शिकवायचा आणि सुटी आली की चार सायकली जमवून कुठल्या ना कुठल्या दुर्गावर जायचा. सायकलने गाठायचं, पायाने चढायचं, आणि सायकलनेच परतायचं, हा त्याचा नियम. बसने डोंगरापर्यंत जाणाऱ्याला तो 'यात्रेकरू' म्हणायचा, आणि त्याच्या तोंडी ती शिवी होती.

त्या वर्षी मामाने खटपट करून माझं नाव दार्जिलिंगच्या गिर्यारोहण शिबिराला, मुलींच्या तुकडीत, घातलं. निवडही झाली. आता अण्णांनी 'जा' म्हणायचं तेवढं राहिलं होतं, आणि अण्णांचा 'जा' काढणं हे हिमालयापेक्षा अवघड काम होतं.

अण्णा विधानसौधात मोठे कारकून. रोज सायकलने जायचे, धोतराला क्लिप लावून. त्यांचा डोंगराला विरोध नव्हता, थंडीला नव्हता, परक्या मुलखालाही नव्हता. त्यांची भीती एकच होती.

"बाहेर पडलं की नेम सुटतो," ते म्हणाले. "आज एकादशी सुटते, उद्या संध्या सुटते, परवा माणूस सुटतो. माझा थोरला भाऊ असाच गेला. तिकडे तुझी एकादशी कोण पाळणार?"

"मी पाळीन."

"इथे आईच्या हाताखाली पाळतेस. उन्हात, चढावर, घसा कोरडा पडल्यावर पाळून दाखव. दोन दिवस, दोन डोंगर. मी येतो बरोबर. नेम न मोडता परत आलीस, तर जा दार्जिलिंगला."

मला एवढंच हवं होतं. मी त्यांच्या पाया पडले. मग त्यांनी शांतपणे पंचांग उघडलं आणि फाल्गुनातला एक शनिवार-रविवार काढून दिला. रविवारी आमची एकादशी होती, आणि आमच्या घरची एकादशी म्हणजे पाण्याचा थेंबही नाही. मामाने आपलं पंचांग पाहिलं, खूश झाला आणि लगेच कानडीत 'सरी, सरी', म्हणजे ठीक ठीक, म्हणाला. त्याची एकादशी शनिवारी होती. रविवारी सावनदुर्गाचा मोठा चढ तो भरल्यापोटी चढणार होता. दोघांनी आपापलं पंचांग पाहिलं, दुसऱ्याचं पाहायचं एकालाही सुचलं नाही. आमच्यातल्या माणसांना दुसऱ्याचं पंचांग दिसतच नाही.

आदल्या दिवशी आईने मला कपाटातून आपलं जुनं नऊवारी काढून दिलं. "कच्चा घालून नेस," ती कासोट्याची खूण करत म्हणाली. "पाय मोकळे राहतात. मी मुलगी असताना आमच्या गावची टेकडी अशीच चढायची." आई टेकडी चढायची, हे मी पहिल्यांदा ऐकलं. आणखी विचारावं तर ती स्वयंपाकघरात गेली.

शनिवारी झुंजुमुंजू होताना आम्ही निघालो. चार सायकली: अण्णा, मामा, मी आणि कृष्णात. कृष्णात निपाणीकडचा, गिरणीत फिटर होता आणि मामाच्या प्रत्येक मोहिमेत असायचा. पंक्चर काढणं, चेन बसवणं, दोर धरणं आणि गप्पा मारणं, ही त्याची कामं. नेलमंगल गावाच्या पुढे झाडाखाली थांबलो, तेव्हा अण्णांनी डबा उघडला. आत अवलक्की, म्हणजे फोडणीचे पोहे, आणि आईने तळलेली कोडबळी, कडबोळ्यांची कानडी बहीण.

"घे प्राणेशा," अण्णा गोड आवाजात म्हणाले.

"आज एकादशी आहे, भावजी."

"कुणाची?" असं म्हणून अण्णांनी कोडबळं मोडलं. त्याचा कडकन आवाज रस्त्यापलीकडच्या शेतापर्यंत गेला असेल. मग त्यांनी माझ्या हातावरही दोन ठेवली. मी खाल्ली. मामा दुसरीकडे तोंड करून सायकलला हवा भरत बसला. हवा आधीच भरलेली होती.

कृष्णातने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "म्हंजे आज मामा उपाशी, उद्या काका आन वसूताई उपाशी. आन मी दोन्ही दिवस एकटाच खाणार व्हय? एकादशीच्या घरी शिवरात्र म्हणत्यात, हितं तर एकादशीच्या घरी एकादशीच आलीया. कुणाचं तरी एकाचं धरा की वो!"

यावर अण्णा आणि मामा दोघेही त्याच्यावर एकदमच ओरडले. त्या दिवसात त्यांचं एकमत झालं ते तेवढ्यापुरतंच.

शिवगंगेचा डोंगर आम्ही दुपारी चढलो. मामा कोरड्या घशाने शिट्टी वाजवत चढला, निदान अर्ध्या वाटेपर्यंत. अण्णा धोतर खोचून मागून येत होते. डोंगराचा त्यांना आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. पण सुंभ जळेल, पीळ जाणार नाही. दमले तरी थांबायचे नाहीत. आपण देखावा पाहतोय असं दाखवायचे. माझा पहिला डोंगर झाला. उतरून मागडीच्या रस्त्याला लागलो आणि रात्री मागडीत एका देवळाच्या ओसरीवर पथाऱ्या टाकल्या.

रविवार उजाडला आणि मामाचं पारणं सुरू झालं. द्वादशीचं पारणं म्हणजे काही चहा-बिस्कीट नव्हे. आधी स्नान, मग पूजा, मग स्टोव्ह पेटवून भात आणि हदग्याच्या पाल्याची भाजी. हा पाला त्याने बेंगळुराहून ओल्या फडक्यात गुंडाळून, कॅरिअरला बांधून आणला होता. वर आवळ्याचा कीस. अण्णा आंघोळ करून, कपाळावर अंगारा-अक्षता लावून ओसरीच्या कडेला बसले होते. स्टोव्हचा सूं-सूं आवाज आणि भाजीचा वास. मी गिळायला थुंकी शोधत होते.

"लवकर आटप," अण्णा म्हणाले. "ऊन चढतंय."

"पारण्यात घाई नको, भावजी. शास्त्र आहे," मामा म्हणाला आणि आणखी भात वाढून घेतला. कालच्या कोडबळ्याचा सूड तो असा शितागणिक घेत होता.

त्यामुळे सावनदुर्गाच्या पायथ्याशी पोचलो तोवर उन्हाला धार आली होती. नरसिंहाच्या देवळात हात जोडले आणि निघालो. ज्यांनी सावनदुर्ग पाहिला नाही त्यांना सांगते: तो डोंगर नाहीच, एक धोंडा आहे. झाड नाही, माती नाही, वाट नाही. गुळगुळीत काळा दगड आभाळापर्यंत गेलेला, आणि अनवाणी पायांनी, पोटऱ्यांच्या जोरावर त्याला चिकटून चढायचं. निसरड्या जागी कृष्णात पुढे जाऊन दोर सोडायचा. आईच्या नऊवारीने मला खरंच मोकळं केलं होतं. घसा लाकडासारखा झाला होता, तरी मी मनाशी म्हणत होते, दगड चढ, वसू, हा दगड नाही, दार्जिलिंग आहे.

अर्ध्याच्या वर जुन्या किल्ल्याची पडकी भिंत आहे. तिथे मी मागे वळून पाहिलं, तर अण्णा दिसेनात. मामाने हाक मारली. उत्तर नाही. आम्ही परत खाली उतरलो. ते दगडावर बसले होते, पाय पसरून. मला वाटलं देखावा पाहताहेत. जवळ गेले तर त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले होते, ओठ पांढरे पडले होते आणि अंगावर घामाचा टिपूसही नव्हता. एवढ्या उन्हात घाम नाही, हे पाहून मी घाबरले.

"अहल्ये, दिवा लावलास का?" त्यांनी मला विचारलं. अहल्या माझी आई. ती इथून तीस मैलांवर होती.

मामा आणि कृष्णातने त्यांना उचलून भिंतीच्या सावलीत आणलं. मामाने आपला फिरकीचा तांब्या उघडला. पारण्याचं उरलेलं सोवळ्यातलं पाणी होतं. त्याने तो अण्णांच्या तोंडाशी धरला, तेव्हा मात्र अण्णा भानावर आले. त्यांनी मान फिरवली.

"आज एकादशी."

"भावजी, माझी द्वादशी आहे. आज पाणी प्यायचं पुण्य असतं."

"तुझं पंचांग तुझ्याजवळ."

"अय्यो, हट्ट किती करायचा! मरायला आलात का इथे?"

अण्णांनी दात घट्ट आवळले. तांब्यातलं थोडं पाणी दगडावर सांडलं आणि बघता बघता वाळलं. मला अण्णांचा इतका राग आला की सांगता सोय नाही. आणि त्याच वेळी कळत होतं की या माणसाने हे व्रत गंमत म्हणून धरलेलं नाही. त्यांचा भाऊ एकदा बाहेर पडला तो परत आला नव्हता, आणि ते अजून दाराशी उभे राहून पहारा देत होते.

वर पाहिलं. माथ्यावरचा नंदीचा मंडप तिथून स्पष्ट दिसत होता. मी मामाच्या हातातून तांब्या घेतला आणि अण्णांच्या डोळ्यांदेखत तोंडाला लावला. घटाघटा प्यायले. त्या पाण्याची चव मला आजही आठवते, तांब्याची आणि हदग्याच्या पाल्याची. मग पदराने तोंड पुसलं.

"मोडला माझा नेम," मी म्हणाले. रडायला येत होतं, पण मी ओरडलेच. "आता मी कुठे जात नाही. तुमचा पहारा संपला. आता तुम्ही कुणासाठी धरून बसलाय?"

अण्णा माझ्याकडे पाहत राहिले. त्यांनी कधी मला असं पाहिलं नव्हतं. मीही त्यांच्यावर कधी ओरडले नव्हते. मग त्यांनी हात पुढे केला. तांब्या धरायची ताकद नव्हती, म्हणून मीच धरला. ते लहान मुलासारखे प्यायले आणि पाणी धोतरावर सांडलं.

मामाने उपरणं ओलं करून त्यांच्या डोक्यावर ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आल्यावर ते म्हणाले, "वर जा."

"आता वर जाऊन काय करू?"

"डोंगर चढायला आलीस ना? मग चढ. अर्धवट काम मला आवडत नाही."

मी कृष्णातबरोबर वर गेले. माथ्यावर वारा होता. खाली तळी, शेतं, ताडाची झाडं, आणि पूर्वेकडे धुरकट रेघेत कुठेतरी बेंगळूर. मी नंदीला पाठ लावून मनसोक्त रडले. कृष्णात दुसऱ्या बाजूला जाऊन शेंगा खात बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "वसूताई, तुमी चढलासा की नाई? मग चढलासा. ते आता कोण पुसून टाकणार?" त्याचं म्हणणं मला तेव्हा पटलं नाही, पण बरं वाटलं.

ऊन कलल्यावर परत निघालो. अण्णा सायकलवरच बसले. बसने जायचं नाव काढलं तर मामालाच 'यात्रेकरू' म्हणाले. चढ आला की कृष्णात एका हाताने आपलं हँडल धरायचा आणि दुसरा हात अण्णांच्या पाठीवर ठेवून ढकलायचा. एके ठिकाणी शहाळी दिसली. अण्णा उतरले, एक स्वतः प्यायले, एक न बोलता माझ्या हातात दिलं. मी समजले की आता मोडलेल्याला आणखी काय मोडायचं. घरी गेल्यावर ते काय म्हणतील, तेच मी रस्ताभर मनात म्हणत आले: पाहिलंस ना वसू, बाहेर पडलं की असं होतं.

मल्लेश्वरमला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आई दारातच होती. तिचे ओठ वाळलेले, सुकलेले. दिवसभर तिने तोंडात पाण्याचा थेंब घेतला नव्हता. तिने अण्णांचा चेहरा पाहिला, मग माझा.

"झाली का एकादशी नीट?" तिने विचारलं. विचारत होती त्यांना, पण पाहत होती माझ्याकडे. तिलाही ठाऊक होतं, काय पणाला लागलंय.

मी मान खाली घातली. अण्णांनी सायकल भिंतीला टेकवली, क्लिप काढून धोतर सैल केलं, पाय धुतले. सगळं सावकाश. मग म्हणाले, "आज एकादशी नाही."

आईला वाटलं, ऊन लागलं.

"आज द्वादशी आहे. तुझ्या माहेरच्या पंचांगाने."

मामाच्या हातातून पंप खाली पडला. वीस-बावीस वर्षं ज्या वाक्याची तो वाट पाहत होता, ते असं पायऱ्यांवर, घरात शिरता शिरता मिळालं. पण गप्प बसेल तर मामा कसला? "म्हणजे काल एकादशी होती! आणि काल तुम्ही माझ्यासमोर कोडबळी—"

"खाल्ली," अण्णा म्हणाले. "पोरीच्या हातावरही मीच ठेवली. तिने मागितली नव्हती. त्याचं पाप वाढणाऱ्याला, मी भोगीन. आज द्वादशीला ती पाणी प्यायली, त्यात नेम मोडला नाही. वसूचा नेम शाबूत आहे." मग माझ्याकडे न पाहता आईला म्हणाले, "दार्जिलिंगला थंडी फार असते म्हणतात. लोकर आण."

अण्णा आत गेले, माठातलं पाणी फुलपात्रात काढून घेऊन आले आणि आईसमोर धरलं. आमच्या घरात अण्णांनी कुणाला पाणी आणून दिल्याचं मी पहिल्यांदा पाहत होते.

"आधी पाणी पी," ते म्हणाले. "कोरड कशी पडते ते आज कळलं मला."

आईने पदर डोळ्यांना लावला आणि मग पाणी प्यायली, उभ्यानेच. प्यायल्यावर पहिलं वाक्य काय बोलली असेल? "अय्यो, आणि घरात हदग्याचा पाला नाही!"

"आहे," मामा म्हणाला आणि धावत जाऊन कॅरिअरचं ओलं फडकं सोडून घेऊन आला. थोडा कोमेजला होता, पण होता. त्या रात्री आई आपल्या भावाशेजारी माहेरच्या द्वादशीला जेवली. कृष्णातही जेवला, त्या दिवसात तिसऱ्यांदा. वाढता वाढता आईने हळूच विचारलं, "मग पुढची एकादशी कुठल्या पंचांगाने?"

"पुढची आपल्याच," अण्णा गरजले. "मी एकदा म्हटलं म्हणजे रोज म्हणेन असं नाही!"

मामा हसला, आणि भांडण पुन्हा पहिल्यासारखं सुरू झालं. मी मात्र मे महिन्यात दार्जिलिंगला गेले. अंगात आईने विणलेला स्वेटर होता, त्याची एक बाही लांब आणि एक आखूड. गाडी सुटायच्या आधी अण्णांनी खिडकीतून एक पुडकं आत दिलं. उघडून पाहिलं तर पंचांग. एक नव्हे, दोन. एक त्यांचं आणि एक मामाचं.

"दोन्ही कशाला, अण्णा?" मी विचारलं.

"असू दे," ते म्हणाले. "डोंगरात कधी कुठलं लागेल, सांगता येत नाही."